वीस मिनिटांची चाचणी

३ एप्रिल
पदवीधर मला अक्कल शिकवणार! पदवी अजून मिळायचीय, पण चालतो असा की जणू कुलगुरूच. मी कॉलेज सोडलं, डोकं नाही सोडलं.

तिची ॲनिमेशन फिल्म नऊ तारखेला कॉलेजात द्यायचीय. वर्षभराची मेहनत. तिचा कॉम्प्युटर एकेका प्रसंगाला सहा-सहा तास घेतो. मी काम करतो त्या रिपेअरच्या दुकानात आण, प्रोसेसर जास्त वेगात पळवून देतो म्हणालो. ती हसली. त्या हसण्यावर मी दहा प्रोसेसर पळवीन.

तर हा पदवीधर, तिचा वर्गमित्र, म्हणतो, आधी रॅमचा वेग उतरव. या जुन्या बोर्डावर प्रोसेसरचा वेग वाढवला की रॅमचाही वाढतो, तो रॅमला झेपणार नाही म्हणे. वेगवान रॅम घ्यायची आणि मुद्दाम रांगवायची! वा रे विद्वान.

४ एप्रिल
दुकानाचे मालकही त्याचीच री ओढतात. “रॅम उतरव, मग प्रोसेसर चढव. आणि रॅमची चाचणी दिवसभर लाव.” दिवसभर! ती संध्याकाळी पाचला न्यायला येणार होती. रॅमचा वेग तसाच ठेवला, चाचणी वीस मिनिटं लावली. एक चूक नाही. सहा तासांचं काम पाचात!

५ एप्रिल
पदवीधर तिच्या घरी जाऊन कॉम्प्युटरच्या पंख्यावरची धूळ पुसून आला. तेवढीच लायकी.

७ एप्रिल
फिल्म गेली. निम्मे प्रसंग उघडत नाहीत, उघडतात त्यांत रंगांचा चिखल. जपून ठेवलेल्या प्रतीही तशाच—त्याच कॉम्प्युटरवर काढलेल्या ना. तिचा आवाज बसलाय. म्हणाली, धूळ पुसताना त्यानंच आत हात घातला होता, त्यानंच काहीतरी बिघडवलं.
“हो ना रे?”
“असेल,” म्हणालो.

८ एप्रिल
कॉम्प्युटर दुकानात आणून रॅमची पूर्ण चाचणी लावली. तिसऱ्या तासाला पडदा लाल. चुकाच चुका. म्हणजे ती फिल्म जतन करत होती आणि रॅम मधूनमधून चुकीचं लिहीत होती—कॉम्प्युटर एकदाही बंद न पडता. रॅमचा वेग उतरवला, पुन्हा चाचणी. स्वच्छ! प्रोसेसर त्याच वेगात. एका प्रसंगाला फक्त सात मिनिटं जास्त.

सात मिनिटं.

मालक मागे उभे राहून बघत होते. बोलले असते तर भांडता तरी आलं असतं.

१० एप्रिल
तिनं अर्धीच फिल्म दिली. पदवीधराशी बोलणं तोडलंय. आज माझ्या गाडीवर बसली. सिग्नलला थांबलो तेव्हा खांद्यावर हात ठेवून म्हणाली, “तू होतास म्हणून.”

दिवा हिरवा झाला. मागचे हॉर्न वाजवत होते, आणि मला गिअर सापडेना.