जाळीत अडकलेला आणि सोडून दिलेला पोपट हजर करण्याच्या नोटिशीबाबत

दिनांक : १७/११/२०२५

प्रति,
मा. वनपरिक्षेत्र अधिकारी साहेब,
वनपरिक्षेत्र कार्यालय, चिंचदरी,
ता. नेर, जि. यवतमाळ.

अर्जदार : शेख गफ्फार शेख उस्मान, वय ६४, पूर्वीचा व्यवसाय पंपाच्या जळालेल्या मोटारींत तांब्याची तार भरणे, रा. चिंचदरी.

विषय : अर्जदाराच्या ताब्यात नसलेला पोपट हजर करण्याची नोटीस मागे घेणेबाबत, तसेच डाळिंबांना जाळी लावण्याची परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपल्या कार्यालयाची नोटीस, दि. २८/१०/२०२५.
२) वनरक्षक श्री. प्रेमसिंग आडे यांचा तोंडी आदेश, दि. १०/१०/२०२५.

महोदय,

सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार बोलण्यापुरते मराठीत पक्के आहेत, पण सरकारी कागदाला ती मराठी पुरत नाही. म्हणून हा अर्ज त्यांची मुलगी नुजहत हिने त्यांच्या सांगण्यावरून लिहिला आहे.

नजर अधू झाल्यावर अर्जदारांनी मोटारी भरण्याचे काम सोडले आणि घरामागच्या परसात डाळिंबाची सात झाडे लावली. यंदा पहिल्यांदाच ती फळांनी वाकली आणि पोपटांना पत्ता लागला. अर्जदारांनी गाण्यांच्या जुन्या, चकाकणाऱ्या सीडी दोरीला बांधल्या, डबे वाजवले, स्वतःचा कुर्ता चढवलेले बुजगावणे उभे केले. पोपट त्याच्या डोक्यावर बसून डाळिंब खात. शेजारच्या रुखमाबाईंनी मात्र त्यालाच दोनदा गफ्फारभाई समजून हाक मारली. अर्जदारांच्या पत्नी शहनाज यांनी जुन्या ओढण्यांच्या दीडशे पिशव्या शिवून एकेका फळाला बांधल्या. त्या पिशव्या खारींनी कुरतडून घरट्यात नेल्या. शेवटी यवतमाळहून जाळी आणली, तेव्हा कुठे आठ दिवस शांतता लाभली.

दि. ६ ऑक्टोबर रोजी सकाळी एक पोपट त्या जाळीत अडकलेला दिसला. अर्जदारांनी तार कापायच्या कात्रीने एकेक धागा कापून त्याला मोकळा केला. तेवढ्यात त्याने त्यांच्या अंगठ्याचा लचका तोडला, ती खूण अद्याप आहे. पोपटाचा डावा पंख लोंबत होता. जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर लसीकरणाला गेलेले होते. तिथल्या परिचराने हळद लावायला आणि मांजरापासून जपायला सांगितले. अर्जदारांनी त्याच दुपारी श्री. आडे यांना स्वतः फोन केला. संध्याकाळपर्यंत येतो, असे उत्तर मिळाले.

श्री. आडे पाचव्या दिवशी आले. तोवर पोपट टोपलीखाली होता आणि ज्याच्यापासून डाळिंबे वाचवायची त्यालाच शहनाज रोज दाणे सोलून देत होत्या. अर्जदार त्यावर चिडत, आणि त्या उठून गेल्या की स्वतःही दाणे टाकत, हे नुजहतने पाहिले आहे. पोपट आता खाटेवरून चौकटीपर्यंत उडू लागला होता. श्री. आडे म्हणाले, "काका, पोपट ठेवणं गुन्हा आहे. आत्ताच्या आत्ता सोडा." अर्जदारांनी त्यांच्या आणि रुखमाबाईंच्या समक्ष टोपली उचलली. पोपट कडुनिंबावर जाऊन बसला आणि तिथून गेला. श्री. आडे यांनी रिकाम्या टोपलीचा फोटो घेतला आणि जाळीही उतरवायला सांगितली. ती तत्काळ उतरवण्यात आली.

त्यानंतर अठरा दिवसांनी नोटीस मिळाली : बेकायदेशीर ताब्यातील पोपट, नग एक, सात दिवसांत टोपलीसह हजर करावा.

अर्जदार आपल्या कार्यालयात तीनदा आले. पहिल्या खेपेस आपण दौऱ्यावर होतात. दुसऱ्या खेपेस लिपिक श्री. फुलचंद यांनी फाईल काढून समजावले की, पोपट ठेवल्याची नोंद आहे, सोडल्याचा पंचनामा नाही, सबब कागदोपत्री तो अर्जदाराकडेच आहे. श्री. आडे प्रशिक्षणाला गेले असून त्यांचा फोन लागत नाही. तिसऱ्या खेपेस अर्जदार रिकामी टोपली घेऊन आले. पोपटाशिवाय टोपली जमा करता येत नाही, असे सांगून ती परत देण्यात आली.

व्हरांड्यात बसलेल्या एका गृहस्थांनी सल्ला दिला की, एखादा पोपट पकडून आणून द्या आणि मोकळे व्हा. अर्जदारांनी घरी येऊन हे सांगितले, तेव्हा शहनाज म्हणाल्या, "सोडला त्याची नोटीस आली. आता खरंच पकडाले जाता काय?" अर्जदार पकडणार नाहीत. जो गुन्हा केला नाही तो निस्तरण्यासाठी तोच गुन्हा करणे त्यांना पटत नाही.

साहेब, गोष्ट डाळिंबांवरच थांबली असती तर अर्जदार गप्प बसले असते. त्यांची थोरली मुलगी आरजू मस्कतला असते. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तिचे पहिले बाळंतपण आहे आणि तिथे तिचे कोणी नाही. दोघांनी पासपोर्टसाठी अर्ज केले. पडताळणीला आलेल्या पोलिसांनी काही प्रकरण चालू आहे का, असे विचारले, आणि अर्जदारांनी नोटीस स्वतः काढून दाखवली. शहनाज यांचा पासपोर्ट आला. अर्जदारांचा, आपल्या कार्यालयाचे 'काही बाकी नाही' असे पत्र मिळेपर्यंत, अडकला आहे. शहनाज आजवर नागपूरपलीकडे गेलेल्या नाहीत आणि एकट्या तर नेरलाही नाहीत. त्या आता नुजहतकडून विमानतळावरच्या पाट्या वाचायला शिकत आहेत. अर्जदार शेजारी बसून ऐकतात.

तरी विनंती की, रुखमाबाईंचा जबाब घेऊन पोपट सोडल्याचा पंचनामा आता करावा, नोटीस मागे घ्यावी, आणि पाखरू अडकणार नाही अशी बारीक विणीची जाळी लावण्याची लेखी परवानगी द्यावी. रुखमाबाई म्हणतात, "पोपट उडाला हे म्या डोयानं पाह्यलं. कुठंही सांगाले तयार आहो."

पोपट हजर झाल्याखेरीज फाईल बंद होतच नसेल, तर आपण कोणत्याही सकाळी साडेसहाला अर्जदारांच्या परसात यावे. तिथे रोज पन्नास-साठ पोपट हजर असतात. दीडशे फळांपैकी आता एकोणीस उरली आहेत, ती संपण्याआधी यावे. त्यांतला नेमका कोणता, हे अर्जदार सांगू शकत नाहीत. त्यांनी बरेच दिवस निरखून पाहिले, पण सगळेच सारखे उडतात, एकाचाही डावा पंख लोंबत नाही. एवढे नुकसान होऊनही या एका गोष्टीचे अर्जदारांना बरे वाटते, आणि हे अर्जात लिही, असे त्यांनी नुजहतला आवर्जून सांगितले आहे.

आपल्या पत्राची वाट पाहणारा,
(सही) शेख गफ्फार शेख उस्मान
अर्ज लिहिणार : नुजहत

सोबत : १) नोटिशीची छायाप्रत. २) रुखमाबाई यांचा जबाब, अंगठ्यासह. ३) पासपोर्ट अर्जाची पावती. ४) टोपली, एक (पोच मिळावी).