शेंदराची डबी

३० जुलै, बुधवार
परत नळीला तडा. शनिवारी सांधा चांदीसारखा चकचकीत होता म्हणे, आज तपासला तर केसाएवढी रेघ. मानपाड्याच्या कारखान्यात टायटॅनियमचं वेल्डिंग फक्त आमचे हेच करतात. शेठ म्हणाले, "सुदेश, आता शेवटची नळी. ही गेली तर काम कोलशेतच्या कारखान्याला पाठवतो, तू परत ग्रिल-गेट कर."
एवढ्या महाग धातूला तडा जातोच कसा?

३१ जुलै, गुरुवार
जेवताना विचारलंच. तापलं की टायटॅनियम हवा ओढून घेतं, ठिसूळ होतं. म्हणून सांधा गार होईस्तोवर पुढून-मागून आरगॉन गॅस सोडायचा. ब्रश वेगळा, लोखंडाला लावलेला चालत नाही. हाताचा घाम, तेल – काही लागता कामा नये. हातमोजे दर वेळी नवे – एकदा वापरून टाकायचे! मी धुतले असते.
"म्हणजे सोवळंच की."
"तुझ्याहून कडक."
हे हसले. बऱ्याच दिवसांनी.
पावसाळी हवेनं होतं म्हणतात. पण मे महिन्यातली नळीही फुटलीच होती. मग?

२ ऑगस्ट, शनिवार
श्रावणी शनिवार. मी मारुतीला जाऊन आले. ह्यांची कामावर न्यायची शेंदराची डबी काठोकाठ भरून ठेवली, संकट मोठं आहे म्हणून.
संध्याकाळी परत विचारलं, सगळं पुसून झाल्यावर शेवटी काय करता?
"काय करणार? वेल्डिंगच्या टॉर्चला शेंदराचं बोट लावायचं, नमस्कार करायचा, सळई उचलायची."
"मोजे घालूनच?"
"मग काय, काढून?"
माझ्या हातातलं भांडं तसंच राहिलं. शेंदूर तेलात कालवलेला! तेच बोट सळईला, सळई सांध्यात वितळणार.
सांगितलं तर भडकले. "मारुतीमुळे तडा जातो? तू बोलतेस हे? शनिवार धरणारी?"
मारुतीमुळे नाही हो. तेलामुळे. पण ऐकतात कुठे.

४ ऑगस्ट, सोमवार
आज शेवटची नळी. डबी खिशात घालूनच गेले. चहासुद्धा अर्धा टाकला.
मी देवापुढे बसले, पण मागावं काय ते कळेना.

५ ऑगस्ट, मंगळवार
सांधा चांदीसारखा आलाय, एवढंच बोलले. त्याचं काय, मागच्या वेळीही आला होता. शुक्रवारी तपासणार.

८ ऑगस्ट, शुक्रवार
नळी शाबूत. हे घरी आले, पाय धुतले, डबी देवघरात मारुतीपुढे ठेवली आणि पानावर बसले.
वाढून झाल्यावर उघडून पाहिली. काठोकाठ. बोटसुद्धा लागलेलं नाही.