धाकट्याची गाठ

ता. ९ मार्च, दुपारचे तीन

प्रिय धाकट्या,

माझं अक्षर बघून दचकशील. घाबरू नकोस, कोणी गेलं-बिलं नाही. जायचं ठरलंय ते माझंच, पण त्याला थोडा अवकाश आहे. पत्ता तुझ्या लेकीकडून मागून घेतला. ‘कशाला हवाय’ असं तिने एकदाही विचारलं नाही, गुणी पोरगी आहे. तुझे गुडघे कुरकुरतात म्हणाली. माझं हृदय थकलंय. डॉक्टरीणबाईंनी महिना सांगितलाय, फार तर दोन. बाई चांगल्या आहेत, आडपडदा ठेवत नाहीत.

बाकी सगळे बरे. तुझ्या वहिनीला हल्ली कमी ऐकू येतं असं ती म्हणते, पण मी गोळी टाळली की तिला पलीकडच्या खोलीतून कळतं.

सध्या जो तो मला शांत राहायला सांगतो. मुलगा सांगतो, शेजारचे मास्तर सांगतात, तपासायला येणारी नर्ससुद्धा सांगते. जणू शांतता म्हणजे दिवसातून तीनदा घ्यायचं औषधच. मी मान डोलावतो आणि पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून खिडकीशी, खिडकीपासून परत पलंगावर, असा दिवसभर येरझाऱ्या घालतो. मास्तर म्हणाले, मरणाला इतकं काय घाबरायचं? आता त्यांना कसं सांगू, मरणाचं मला काही वाटत नाही. त्याच्या आधी तुला एक सांगायचंय, ते जमेल की नाही याची धास्ती आहे.

तेच लिहायला कागद घेतला, आणि तुझे गुडघे, माझ्या गोळ्या असं काहीबाही लिहीत बसलोय. मधे दोनदा पाणी पिऊन आलो. आता लिहितो.

गेल्या मंगळवारी सूनबाई पडद्याची दोरी बांधत होती. दोरी सुटली, पडदा खाली आला. ती हसत म्हणाली, “झाली माझी धाकट्याची गाठ.” तुला हे ठाऊक नसणार. तू गेल्यापासून घरात कुठलंही काम कच्चं राहिलं की असंच म्हणतात. तिने तर तुला पाहिलेलंही नाही. तिला वाटायचं, सगळीकडेच असं म्हणतात.

मी ती सुटलेली दोरी उचलून हातात घेऊन बसलो.

तेहतीस वर्षं झाली. आपण दोघं वेताच्या खुर्च्या विणायचो, त्यातली आप्पांची ती आरामखुर्ची. नेहमीसारखा मी वरून वेताची पट्टी घालत होतो, तू खाली उताणा पडून ओढत होतास, गाठी मारत होतास. सभागृहाच्या चाळीस खुर्च्यांनी भिजवलेला सगळा वेत खाल्ला होता. घरचीच तर खुर्ची, कोण बघतंय, म्हणून मी कोरडा वेत घेतला. तू खालून म्हणालास, “दादा, हा कडक लागतोय.” मी म्हणालो, “तू ओढ गुपचूप.”

कोरडा वेत ठिसूळच, चार महिन्यांत पट्टी भोकाच्या कडेला तुटली आणि आप्पा आपटले, कंबर मोडली. वेत तुटला की खालच्या गाठी आपोआप सैल पडून लोंबतात, हे आपल्या दोघांनाच कळत होतं. बाकी सगळे त्या लोंबणाऱ्या गाठीच बघत होते. मी दोनच शब्द बोललो, “गाठ सुटली.” तू माझ्याकडे पाहिलंस. महिन्याभरात घर सोडलंस.

आप्पा दोन वर्षं अंथरुणावर होते. जाण्याआधी माझा हात धरून म्हणाले, “धाकट्याला सांग, माझ्या मनात काही नाही.” मी कळवलं नाही. कोणत्या तोंडाने कळवणार? तू काही केलंच नव्हतंस. ज्याला ती माफी हवी होती तो समोर बसला होता, पण ती त्याच्या नावाची नव्हती. तेव्हापासून ती माझ्यापाशी नुसती पडून आहे.

मंगळवारी जेवताना सगळ्यांसमोर सांगून टाकलं. मुलगा म्हणाला, बाबा, आता हे कशाला उकरता, तब्येतीला जपा. सूनबाई डोळे पुसायला लागली. तुझी वहिनी वाढत होती, ती वाढतच राहिली. मग म्हणाली, “मला ठाऊक होतं. त्या दिवशी वेत भिजवायचा टब सकाळपासून पालथा होता.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही बोलाल म्हणून थांबले. बरंच थांबवलंत.”

तुला यातलं नवीन काहीच नाही. नवीन एवढंच, की आता घराला ठाऊक आहे. काल मुलाने बसवलेला नळ गळायला लागला, तर तुझी वहिनी म्हणाली, “थोरल्याचा वेत.” सगळे चोरून माझ्याकडे बघायला लागले. मला हसू आलं. अगदी पोटातून आलं. किती दिवसांनी!

शांत झालो म्हणशील, तर नाही. येरझाऱ्या चालूच आहेत. पण आप्पांची माफी घेतल्याशिवायच जायचंय, हे आता मानलंय. तुझ्याकडेही मागत नाही. आधीच माझं एक ओझं तू तेहतीस वर्षं वाहिलंस, त्यात भर नको. माझ्यासाठी येऊ नकोस. तुला वाटलं तर घरी ये. मी असेन किंवा नसेन, दार वहिनी उघडेल.

पत्राच्या शेवटी थोरल्याने आशीर्वाद लिहायचा असतो. तिथे हात अडखळला. म्हणून तुला नमस्कार करतो.

तुझा
दादा