शुश्रूषेचा बिल्ला

मंगळवार, ता. ९

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे. पत्रात असंच लिहितात ना? तुझे गुडघे काय म्हणतात?

बातमी अशी, की तुझ्या भाचीला स्काउटच्या पथकात शुश्रूषेचा बिल्ला मिळाला. वय वर्षं सात, आणि तोरा असा की जणू हॉस्पिटल हिनेच काढलंय! त्यासाठी मुलांना पट्टी बांधता यावी लागते, ताप बघता यावा लागतो आणि घरातल्या आजारी माणसाची आठवडाभर सेवा करावी लागते. एकाने म्हणे धडधाकट आजोबांनाच झोपवून ठेवलं. आमच्याकडे काय, आयती सोय.

पोरीने मन लावून केलं गं. कपाळावर ओली घडी ठेवायची, ती माझ्या कानात गळायची. पथकाच्या बाईंनी सांगितलं होतं, "आजाऱ्याला बरं वाटलं पाहिजे." म्हणून रोज संध्याकाळी दटावून विचारायची, "बरं वाटतंय का?" मी म्हणायचे, "वाटतंय हो, डॉक्टरीणबाई!" दुसरं काय म्हणणार? शनिवारी बाई स्वतः विचारायला आल्या, त्यांनाही तेच सांगितलं.

बिल्ला लावून घरी आली आणि माझ्या सगळ्या गोळ्या खोक्यात भरून टाकल्या. "आई, तू बरी झालीस. ऊठ आता."

ताई, मी उठले. भिंत धरून ओट्यापर्यंत गेले. तिने टाळ्या वाजवल्या. मग मी तिथेच खाली बसले, तर तिला वाटलं आई गंमत करतेय.

डॉक्टरांनी उपचार थांबवलेत. आता फक्त दुखणं कमी करायच्या गोळ्या. फोनवर सांगणार होते, पण तुझा हसरा आवाज ऐकला की जीभ रेटत नाही. यांनी रात्रपाळी मागून घेतलीये. दिवसा झोपतात, म्हणजे माझ्याकडे बघावं लागत नाही. रागावू नकोस, माणूस वाईट नाही, भेदरलाय.

पोरीला कोण सांगणार? मी गेले की ती जन्मभर समजेल, आपलीच सेवा कमी पडली. या विचाराने माझा जीव जळतो, बाकी कशाने नाही.

आता तिला पोहण्याचा बिल्ला हवाय. त्यासाठी घरचं मोठं माणूस तलावाच्या काठावर उभं असावं लागतं. तिने बाईंना माझं नाव सांगून टाकलंय.

ताई, हातातलं काम टाकून ये. काठावर तू उभी राहा.

जमेल तोवर वाट बघणारी,
तुझी धाकटी