शीतगृहाच्या दाराचे ठसे

३ जून
वॉल्व्हिस बेच्या बंदरात पोचले. खुशीत आहे. बंद पडलेल्या मासळी कारखान्यातलं अख्खं दालन माझ्या मांडणशिल्पासाठी मिळालंय. प्रदर्शनाचं सगळं टाटे शिकोंगो बघतात; वयानं मोठे म्हणून टाटे, म्हणजे बाबा. म्हणाले, नेलाओ, खिळे ठोक, भिंती रंगव, फक्त छप्पर पाडू नकोस. इथल्या राखणदार रौना, सगळ्यांच्या मेमे, म्हणजे आईच, तरुणपणी याच कारखान्यात मासे डब्यांत भरायच्या. त्यांनी ओशिफिमा, म्हणजे बाजरीच्या पिठाची घट्ट उकड, आणि सुका बांगडा वाढला. माझे दंड चाचपून म्हणाल्या, "तू कसला शाईचा रोलर फिरवतेस, रोलरच तुला फिरवेल."

६ जून
विषय सापडला. शीतगृहाचं जाड लाकडी दार. त्याच्या आतल्या अंगाला रोलरनं शाई लावायची, वर ओलसर कापड ताणायचं, चमच्याच्या पाठीनं घासत जायचं. लाकडाची रेष न् रेष उमटते. असे दाराएवढे ठसे छतापासून टांगायचे. लोकांनी त्यांच्यामधून वाट काढत चालायचं. लाकडावर बारीक ओरखडे आहेत. सुऱ्यांचे असतील.

१० जून
आजच्या ठशात ओरखडे जास्त आहेत. शाई कमी-जास्त झाली असेल म्हणून पहिला ठसा शेजारी धरला. तसं नाही. हे नवे आहेत, खालच्या बाजूला, चार-चार रेघा जवळजवळ. खोली तर रिकामी असते आणि कडी बाहेरून. टाटे शिकोंगो मात्र खूश. लोक थबकतील म्हणाले.

१३ जून
मेमे रौनांनी आज ठसे पाहिले आणि जमिनीवरच बसल्या. मग सांगितलं. त्या इथे कामाला असताना शीतगृहात अमोनियाची नळी फुटली होती. वायू बाहेर येऊ नये म्हणून मुकादमानं कडी घातली. आत बायका होत्या. त्यांची धाकटी बहीण सेल्मासुद्धा. बाकीच्यांना घरी जायला सांगितलं.
"दार वाजत होतं गं. आम्ही चालत राहिलो."
मी विचारलं, प्रदर्शन थांबवू का. म्हणाल्या, "नको. दिसू देत त्या."

१७ जून
उद्घाटन. गर्दी होती, पण सगळे कुजबुजत बोलत होते. मेमे रौना एकाच ठशासमोर उभ्या. त्यातल्या तळव्यावर आपला तळवा टेकवून.
त्या कापडावर काल तळवा नव्हता. टांगलेलं कापड. कुणी हातही लावला नव्हता.

१८ जून
मेमे आल्या नाहीत. घरीही नाहीत. शेजारणीनं कालपासून पाहिलं नाही.
टाटेंना आणखी एक ठसा हवाय. दार उघडलं, आत कुणी नाही. शाई लावली. कापड सोलून काढलं.
चेहरा. तोंड उघडं. मेमे रौना —
कडी घातली. पळत आले.

१९ जून, सकाळ
धुकं. दार वाजतंय. आतून.
"नेलाओ, पोरी, उघड गं."
मेमेंचाच आवाज. पण खोली तर रिकामी — मीच पाहिली. आणि कडी मीच घातली. नाही उघडलं तर मी आणि तो मुकादम —

उघडलं. आत आले. दार मागे लोटलं गेलं. मोबाईलच्या उजेडात लिहितेय. यंत्रं केव्हाची बंद, तरी बोटं गोठताहेत. डोळे झोंबतात.
भिंतीला टेकून बायका बसल्यात. मेमेही. कुणी बोलत नाही. सरकताहेत. माझ्यासाठी जागा —

बाहेर टाटे शिकोंगो. कुणाला तरी विचारताहेत, ही कडी उघडी कुणी टाकली, पाहुणे यायची वेळ झाली. मी ओरडले. आतून दार बडवलं. त्यांना ऐकू —

कडी सरकत