वाटूर फाट्यावरची फक्की

नाना,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण फाटा आला की अजून माझा पाय आपोआप ब्रेकवर जातो. मी खाली उतरते, रस्ता नीट बघते, मगच पुढे निघते. मुलं चिडतात, चिडू देत. ही सवय तुमची आहे आणि ती मी सोडणार नाही.

आपल्या जालन्याच्या मोटार क्लबात तेव्हा जेमतेम नऊ गाड्या होत्या. वकील, कापसाचे जिनवाले, दोन-तीन अंमलदार आणि तुम्ही डॉक्टर. बरेच मेंबर फोटोपुरते हजर असत. तुम्ही मात्र दर सफरीला हट्टाने शेवटच्या गाडीत असायचात, दोरखंड, पाण्याचे डबे आणि खराटा घेऊन. पुढच्या गाडीने प्रत्येक फाट्यावर योग्य रस्त्याच्या तोंडाशी चुन्याच्या फक्कीचा पट्टा ओढायचा, मागच्यांनी तो बघून वळायचं आणि शेवटच्या गाडीने तो झाडून टाकायचा, असा क्लबाचा रिवाज. पट्टा राहिला की गावातले लोक त्याला कुणीतरी टाकलेला उतारा समजायचे आणि भानामतीच्या भीतीने त्यावरून बैल घालत नसत. "लोकांचा रस्ता अडवून आपली हौस न्हाई करायची," तुम्ही म्हणायचात.

आष्टीच्या सफरीला तुम्ही आपली गाडी माझ्या हाती दिलीत, तीही सगळ्यांच्या पुढे, आणि स्वतः मित्राच्या गाडीत मागे बसलात. मला विसावं सरलं होतं. सफर नीट पार पडली तर क्लबाच्या वहीत माझं नाव चढवायचं, असं अध्यक्ष वकीलसाहेबांनी मोठ्या नाखुशीने कबूल केलं होतं. मला ते नाव हवंच होतं. शेजारी आत्या डोळे घट्ट मिटून रामनाम घेत बसली होती, त्यामुळे गाडीत रस्ता विचारायलाही कुणी नव्हतं.

वाटूरच्या फाट्यावर मी चुकले. ऐटीत उतरून मंठ्याच्या रस्त्यावर पट्टा ओढला आणि निघाले. मैलभर गेल्यावर एका गुराख्याने सांगितलं, आष्टीला परतूरवरून जा. मी मागे फिरले, बरोबर रस्त्यावर दुसरा पट्टा ओढला आणि सुसाट सुटले. पहिला पट्टा तसाच राहिला. तो बघून दोन गाड्या मंठ्याकडे गेल्या. शेवटी तुम्ही आलात, दोन पट्टे आणि दोन्हीकडे गेलेल्या चाकोऱ्या बघितल्यात आणि त्या दोघांना परत आणायला धावलात. त्या धावपळीत झाडायचं राहूनच गेलं.

आष्टीत जेवणं खोळंबली. तुम्ही पोचलात तेव्हा वकीलसाहेब सगळ्यांदेखत कडाडले, "डॉक्टरसाहेब, हे काय पोरीबाळींचं काम आहे?"

"दुसरा पट्टा ओढला आणि पहिला पुसायचा विसरले," मी म्हणाले.

तुम्ही माझ्याकडे बघितलंत, मग त्यांच्याकडे. "विसरली असंल. चुकंल ती, पण माझी पोरगी खोटं बोलत न्हाई."

परतताना वाटूरला तुम्ही सगळ्या गाड्या थांबवल्यात. आपल्या मोटारी सोडल्या तर पट्ट्यावरून कुणी गेलं नव्हतं. बैलगाड्या कडेच्या शेतातून वळून गेल्या होत्या आणि उभी ज्वारी आडवी झाली होती. एक गाडीवान मला म्हणाला, "बाई, तुमचंच हाय का हे? सकाळधरून ज्वारीतून गाड्या घालून राह्यलो आमी." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"रस्ता चुकला तेचं काही न्हाई," तुम्ही म्हणालात. "पण आपली चूक तशीच मागं टाकून जायचं न्हाई. मेंबर व्हायचंय ना? मंग घे खराटा."

सगळ्या क्लबासमोर मी झाडलं. गाडीत बसल्यावर म्हणाले, "यापुढं शेवटची गाडी माझी." तुम्ही म्हणालात, "बराबर. पण मी शिफारस करणार न्हाई बिलकुल." नाही केलीत तरी मी हटले नाही. दोन वर्षं क्लबाच्या प्रत्येक बैठकीला जाऊन बसले. चहा मिळायचा, नाव मिळायचं नाही. मग तुम्ही गेलात. त्यानंतरच्या संक्रांतीला वकीलसाहेबांनी स्वतः वही उघडली आणि नाव लिहिलं. क्लब मोडेपर्यंत शेवटची गाडी माझीच होती, एकही पट्टा मागे राहिला नाही.

नाना, मी विसरले नव्हते. परत फिरून फाट्यावर आले तेव्हा तो पट्टा डोळ्यांसमोर होता. पारावर दहा-बारा माणसं बाई गाडी चालवते म्हणून बघत बसली होती. त्यांच्यादेखत आपलीच चूक पायाने पुसायची मला लाज वाटली. आष्टीत तुम्ही माझ्यासाठी शब्द टाकलात तेव्हाच बोलायला हवं होतं. नाव जाईल म्हणून गप्प बसले.

क्लबाची शेवटची सेक्रेटरी मीच, म्हणून वही माझ्याकडे आहे. हे पत्र तिच्यातच ठेवणार आहे, माझ्या नावाच्या पानात. नावापुढे वकीलसाहेबांच्या अक्षरात लिहिलंय, "डॉक्टरसाहेबांच्या शब्दावर." ते मी अजून खोडलेलं नाही.