चुकीची ट्राम

पिंपरी, सोमवार, १८ नोव्हेंबर १९५७

संध्याकाळी चहाला ह्यांचे काका आले होते. त्यांनी मला विचारलं, "रोममध्ये फिरताना सोबत कोण असायचं?" मी तोंड उघडण्याआधीच हे म्हणाले, "साहेबांच्या बायका." धडधडीत खोटं. तेही मला न विचारता.

औषधाच्या कारखान्याने तीन महिने शिकायला पाठवलं ते मला. मग मी का गप्प बसू? सांगितलं, "एकटीच फिरले. कलोझियम बघायला निघाले आणि चुकीच्या ट्राममध्ये बसले. पार शेवटच्या थांब्यावर उतरले. तिथल्या भाजीवालीने माझ्या तळहातावर पेन्सिलीने ट्रामचा आकडा लिहिला. तो दाखवत दाखवत पोचले."

काका चहा टाकून उठले. हे अजून बोलत नाहीत. न बोलोत. चुकली ती ट्राम, माझं काय चुकलं?

नंतर भाकरी थापताना सासूबाईंनी हळूच विचारलं, "तळेगावला बहिणीकडे मला एकटीला जमेल का गं?" त्या कधी स्टेशनापर्यंतही एकट्या गेलेल्या नाहीत. मी गाडीची वेळ सांगितली आणि म्हटलं, "ह्यांना विचारू?"

"विचारायचं कशाला? सांगून जाईन."